वजनकाट्याच्या अलीकडे

मी हेल्मेटमधला रेडिओ बोलतोय. गाणी लावणारा नव्हे. शर्यतीत चालकाच्या कानाशी बसतो आणि त्याच्या टीमचं बोलणं त्याला ऐकवतो. तुमच्याशी बोलून वेळ फुकट जाणार, हे मला ठाऊक आहे. माणूस हवं तेवढंच ऐकतो.

माझा पहिला मालक श्रीमंत होता. हौसेने मला घेतलं आणि कंटाळून विकलं. मग मी करी रोडच्या अवधूतकडे आलो. तो लोअर परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि सुट्टीला तिथल्याच जुन्या गिरणीच्या आवारातल्या ट्रॅकवर कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, पळवायचा. हात चांगला होता. डोकं घरच्यांनी वाटून घेतलेलं.

त्याची इंजिनिअर रुचा. माझ्या नशिबात आलेलं एकमेव शहाणं माणूस.

मोसमातली शेवटची शर्यत होती. जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी एका मोठ्या टीमची गाडी चालवायला मिळणार होती. अवधूत जिंकला. झेंडा पडला आणि लोक नाचायला लागले. झेंडा पडला की शर्यत संपली, असं प्रेक्षकांना वाटतं. त्यांना काहीही वाटतं.

झेंड्यानंतर एक फेरी हळू मारून थेट वजनकाट्यावर जायचं असतं. गाडी आणि चालक मिळून वजन कमी भरलं तर बाद. काट्यावर चढेपर्यंत बाहेरच्या कोणी गाडीला हात लावला, तरी बाद. नाहीतर माणसं शिशाचे तुकडे सरकवायला कमी करणार नाहीत.

"कडेने ये," रुचा म्हणाली. "तिथलं पडलेलं रबर टायरला चिकटू दे, तेवढंच वजन वाढेल. आणि कुठे थांबू नकोस."

"कळलं," अवधूत म्हणाला.

काट्याच्या अलीकडे फाटकाशी लालबागहून आलेले त्याचे काका, तात्या, हार घेऊन उभे होते. शेजारी आई, सुभद्रा. तात्यांनी हात आडवा केला.

"अवधूत, थांबू नको रे." होता नव्हता तेवढा जोर लावून मी रुचाचा आवाज त्याच्या कानात ओतला. त्याने ब्रेक दाबला. तात्यांसमोर गाडी पुढे काढायची त्याची छाती झाली नाही.

तात्यांनी डोळे मिटून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, पोरान नाव काढल्यान. अशीच किरपा ऱ्हवांदे." मागून त्यांच्याबरोबर आलेले चाळकरी ओरडले, "व्हय म्हाराजा." मग हार स्टिअरिंगला घातला आणि पाठोपाठ दहा हात गाडीला लागले. पंच शेजारीच उभे होते. मोठ्या टीमची गाडी दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या गौतमला मिळाली.

"आमचा काय चुकला काय रे?" तात्यांनी विचारलं. तोंड उतरलं होतं.

"नाय तात्या," अवधूत म्हणाला. "माझं वजन कमी भरलं."

काट्यावर तो चढलाही नव्हता.

आता मी कपाटावर हेल्मेटमध्ये धूळ खातोय. अवधूत ट्रॅककडे फिरकत नाही. मला गौतमला देऊन टाका. त्याला निदान ऐकू येतं. इथे रोज जेवताना सुभद्रा त्याच्या ताटात भाताचा ढीग वाढते आणि म्हणते, "तरी मी सांगत होतंय, नीट जेव म्हणान." मला ते ऐकवत नाही. तो मान खाली घालून सगळा भात संपवतो आणि आणखी मागतो.