बत्तीस खणांचं कपाट आणि किहीमकर मामांची पुस्तकं

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. पण कपडे कोंबायचं कपाट नव्हे, उगाच मला त्या भावकीत ढकलू नका! मी शिरूरच्या वाचनालयातलं कार्डांचं कपाट. मला बत्तीस खण, प्रत्येक खणात पितळी सळई आणि सळईत ओवलेली हजारभर कार्डं. पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं, मला असतं.

न्हावऱ्याच्या दगडोबा सुताराने मला सागवानात घडवलं. मी तयार झालो तेव्हा घोड नदीतले मासे मला पाहायला काठापर्यंत आले होते, असं तो सांगायचा. मी स्वतः मासे पाहिले नाहीत; पण दगडोबा खोटं कशाला बोलेल?

माझी मालकीण म्हणजे आमची ग्रंथपाल अंजनाताई. कार्डावर एक अक्षर जरी वाकडं उमटलं तरी ती ते फाडून नवं टंकायची. व्हरांड्यात खळीचं भांडं आणि दाभण घेऊन इनुसभाई पुस्तकांची बांधणी करत बसायचा.

सन १९९६ची गोष्ट. दौंडचे किहीमकर मामा एक लोखंडी ट्रंक घेऊन बांधणीला आले. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. समाजाने बेने इस्राएल, म्हणजे घरात अस्सल मराठी बोलणारे यहुदी. ट्रंकेत वडिलांची एकशे बारा हिब्रू पुस्तकं होती. वाट पाहता पाहता मामांनी माझा एक खण ओढला आणि परत लोटला. तो जराही आवाज न करता आत गेला. मामा पाहतच राहिले.

"अंजनाबाई, ही पुस्तकं हितंच ठिवा. दिवाळी झाली की मी लेकीकडं इस्राएलला चाललो. माझ्यामागं ही वाचनारं तालुक्यात कोन न्हाई. कार्डं तेवढी करून घ्या, म्हंजी पुस्तकं मुकी व्हायची न्हाईत."

दिवाळीला दोन महिने होते. मामा मंगळवारी आणि गुरुवारी एस.टी.ने यायचे, एकेक नाव वाचायचे आणि ताई ते इंग्रजी टंकयंत्रावर रोमन अक्षरांत उतरवायची. आता हिब्रूची गंमत ऐका. ओळीत असतात ती फक्त व्यंजनं. स्वर म्हणजे अक्षरांच्या खाली-वर दिलेले ठिपके आणि रेघा. आणि प्रार्थनेची पुस्तकं सोडली तर मोठ्यांच्या पुस्तकांत तेही गाळलेले! म्हणजे सगळी भिस्त मामांच्या तोंडावर.

आणि मामांच्या तोंडात होते दोन आवाज. पहिला महिनाभर ते प्रार्थनेला त्यांच्या वडिलांसारखं 'तफिला' म्हणाले. मग लेकीचं पत्र आलं, तिकडे कसं बोलतात ते कळलं आणि मामा ऐटीत 'त्फिला' म्हणू लागले. कधी छापील खुणा बघून 'तेफिला'. ताईने जे ऐकलं ते वहीत टिपलं आणि तसंच टंकलं.

एका गुरुवारी मामांनीच एक प्रार्थनेचं पुस्तक मागितलं. ताईने खण उघडला तर कार्ड नाही! तासभर शोधल्यावर ते सापडलं. एकाच नावाच्या तीन पुस्तकांची कार्डं, स्पेलिंग वेगळं म्हणून, तीन ठिकाणी जाऊन बसली होती. मित्रांनो, माझ्या बत्तीसही खणांनी माना खाली घातल्या.

इनुसभाई हात पुसत आत आला. पुस्तकावर वाकून म्हणाला, "ताई, हे तर आमचं जेर-जबर हाय की! मदरशात लहानपनी आम्हाला अरबी अशाच खुणा घालून शिकवायचे. मोठं झालं की खुणा गायब. पर मानूस कसंबी म्हनू दे, खूण बदलत न्हाई."

ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवसापासून कानावरून थेट टंकायचं बंद. मामांनी शब्द वाचायचा, त्याच्या खुणा चिठ्ठीवर पेन्सिलीने मांडायच्या आणि मगच टंकायचं. एका खुणेला एकच रोमन स्वर, सगळ्या पुस्तकांत तोच. त्याचा तक्ता माझ्या डोक्यावर चिकटवला. दुसऱ्या राजाला मुकुट असतो, मला तक्ता होता! सत्तर कार्डं उपसून ताईने पुन्हा टंकली.

पुढच्या खेपेला मामांनी खण चाळला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आमचं तफिला कुठं गेलं?"

"मामा, खुणेप्रमाणे ते तेफिला होतं. आता सगळीकडे एकच."

"म्हंजी माझा बाप जलमभर चुकीचं म्हनत व्हता? ज्या आवाजानं मी रोज जागा झालो, तो तुम्ही फाडून टाकला व्हय?"

मामांनी छत्री उचलली आणि ते गेले. त्यानंतर चार खेपा बुडाल्या. त्यांना निघायला बारा दिवस उरले होते आणि नऊ हस्तलिखित वह्या तशाच पडून होत्या. त्या मामांच्या वडिलांच्या हातच्या, खुणांशिवायच्या. मामा आले नाहीत तर त्या कायमच्या मुक्या.

इनुसभाई म्हणाला, "म्हाताऱ्याच्या मनासारखी चार कार्डं करून टाका की. कोन बघतंय?"

"चार केली की पाचवं येतं, इनुसभाई. मग शोधणाऱ्याने हात घालायचा कुठल्या खणात?"

असं म्हणून ताईने पहिल्या महिन्याची वही काढली. दुपारभर ती चाळत बसली. मग उठली आणि इनुसभाईच्या बांधणीच्या पिवळ्या पुठ्ठ्यातून कार्डं कापू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने माझा सत्ताविसावा खण उपसला, फडक्यात बांधला आणि दौंडची एस.टी. धरली. खण तिच्या मांडीवर होता, म्हणून पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतो.

"पेटीत काय, अंडी का?" कंडक्टर म्हणाला.

"त्याहून नाजूक."

"मग गच्च धरा. न्हावऱ्याच्या पुढं रस्ताच न्हाई."

गाडी अशी उडाली की निम्मा प्रवास आम्ही हवेतूनच केला. पण एक कार्ड जागचं हललं असेल तर शपथ!

मामा घरात पेट्या बांधत होते. त्यांनी 'या' म्हटलं नाही. ताईने खण त्यांच्यापुढे ठेवला.

"मामा, तुमच्या वडिलांसारखं म्हणणारा कुणी उद्या आला, तर?"

"हात हालवत परत जाईल. तुम्हीच तशी सोय केलीय."

"मग तुम्हीच बघा शोधून."

मामांनी नाखुशीनेच बोट फिरवलं. पांढऱ्या कार्डांत एक पिवळं कार्ड आलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "तफिला. पाहा, तेफिला." मग पुन्हा वाचलं, या खेपेला अगदी हळू.

"अशी किती केलीत?"

"एकेचाळीस. पहिल्या महिन्यात तुम्ही जे जे म्हणालात ते सगळं माझ्या वहीत होतं. पुस्तक एकाच जागी राहील, मामा. पण तुमच्या वडिलांचा आवाज घेऊन आलेला माणूससुद्धा तिथेच पोचेल."

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हंजी माझा बाप खणात उभा राहून हिरवी झेंडी दाखवतोय म्हना की!"

"गार्डाचाच बाप तो."

मामा खो खो हसले. "आना त्या नऊ वह्या! न्हाई, ऱ्हावू द्या, उद्या मीच येतो."

पुढचे सहा दिवस मामा रोज आले, शनिवार हा त्यांचा विसाव्याचा पवित्र वार, तेवढा सोडून. शेवटचं कार्ड टंकून झालं तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हाताने सळईत ओवलं आणि चार दिवसांनी विमानात बसले.

नंतर पुण्याहून, मुंबईहून अभ्यासक आले. हिब्रूचा गंध नसलेल्या इनुसभाईने तक्ता बघून मिनिटाभरात पुस्तकं काढून दिली. पाहुणे तोंडात बोटं घालायचे आणि मी सागवान असूनही फुगायचो, तेही पावसाळा नसताना!

सन २००४ला संगणक आला. मला जिन्याखाली हलवलं. माझ्या खणांत आता कार्डांच्या जोडीला फ्यूजच्या तारा, दोन रिकाम्या पेनांची टोपणं आणि गेल्या निवडणुकीचं एक पत्रक आहे. कार्डं संगणकात भरणारा माणूस पिवळी कार्डं बघून म्हणाला, "मॅडम, ही दुबार आहेत. काढून टाकू?" ताई उठून त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि एकेचाळिसावं कार्ड भरून होईपर्यंत हलली नाही.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. खण धाडकन लोटू नका. कार्ड बघून झालं की सळईतून ओरबाडू नका. आणि कधी एखादं पिवळं कार्ड हाती लागलं, तर चूक समजून फाडू नका. तसं म्हणणारा एक माणूस होता.