ठोकळ्यांवर उभा असलेला बंब

मित्रांनो, हे सांगणारच नव्हतो मी. म्हटलं, भंगाराचं कोण ऐकतंय? पण काल तुमचा वर्ग आमची शेड बघायला आला, आणि तुमच्यातल्या एका दोन वेण्यांवालीनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "याला चाकं का नाहीत?"

मोठी माणसं एकदम इकडेतिकडे बघायला लागली. ड्रायव्हर उगाच खाकरला. तुमच्या बाई "चला, पुढे चला" म्हणाल्या. प्रश्न मात्र माझ्या बोनेटवरच राहिला.

म्हणून सांगतो.

मी एक जुना आगीचा बंब आहे. जुना म्हणजे म्हातारा नव्हे हं. माझ्या वयाचे बंब अजून चढ चढतात, सायरन वाजवत मिरवतात. मला जुना ठरवलंय.

एकाच कारखान्यात, एकाच्या मागे एक, आम्ही दोघं तयार झालो. मी आणि माझा दोस्त. तोच लाल रंग, तीच शिडी, तोच पंप. तेव्हा राज्याची तिजोरी भरलेली होती, आणि त्यातला वाटा गावोगावी पोचत होता. गावाच्या घरपट्टीत दिवे लागतात, झाडू फिरतो, पण बंब काही येत नाही. त्याला राज्याचं अनुदान लागतं. ते आलं, म्हणून आम्ही आलो. दोस्त खाली बाजाराजवळच्या या शेडमध्ये राहिला. मला वर टेकडीवर छोटी शेड मिळाली.

काय दिवस होते! गवताची गंजी विझवली. तळघरात साचलेलं पाणी उपसलं. एका आजींची मांजर छतावरून उतरवली, तर त्यांनी आपल्या रुमालानं माझे दोन्ही दिवे पुसले. मांजरीनं माझ्या ड्रायव्हरला ओरबाडलं, ते वेगळं.

मग तूट आली.

मित्रांनो, मी आकड्यांतला नाही, नळीतला आहे. नळीचं सांगतो. पंपाचा दाब कमी झाला की पंपाशेजारी उभा असतो त्याला पत्ताही लागत नाही. नळीच्या टोकाला जो उभा असतो, त्याच्या हातातली धार आधी पडते. राज्याच्या जमाखर्चात खड्डा पडला आणि आमचं गाव होतं टोकाला.

वरून फोन आला, यंदा अनुदान अर्ध्यावर. पुढे तेही लांबलं. वाचनालय एक दिवसाआड उघडायला लागलं. रस्त्यातले खड्डे तसेच राहिले. आणि टेकडीवरच्या माझ्या शेडला कुलूप लागलं. मला खाली आणून दोस्ताशेजारी उभं केलं. "थोडे दिवस," म्हणाले.

दोस्ताचं काही बिघडलं की नवा भाग मागवायला पैसे नसायचे. मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळायची.

दोस्ताचा ड्रायव्हर म्हणजे आमच्या मिस्त्रीचा जावई. मिस्त्रीची मुलगी आणि नात त्याच्याबरोबर वर टेकडीवर राहतात. एकदा तो म्हणाला, "मामा, याचीच क्लचप्लेट काढा ना. हा काय, उभाच आहे."

"जावईबापू, उभ्या माणसाची किडनी काढतात का?" मिस्त्री खेकसला.

पण काढली. काढून माझ्या बोनेटवर थाप मारली. "उसनी घेतोय रे. पैसे आले की सगळं परत बसवतो."

मग रेडिएटर उसना गेला. बॅटरी गेली. शेवटी चाकं गेली आणि मी लाकडी ठोकळ्यांवर आलो. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, चाकांचं वाटलं. पण पंप होता ना अजून. पंप आहे तोवर बंब आहे. मिस्त्रीही पंपाला हात लावत नव्हता. एवढं एक त्यानं राखून ठेवलं होतं.

सरावाच्या वेळी दोस्ताची धार समोरच्या भिंतीपर्यंत जायची, ती एका सकाळी जावयाच्या बुटांवर पडली.

"बूट धुवायला बरी आहे," कुणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

मिस्त्रीनं नगरपालिकेच्या हिशेबनीस बाईंना बोलावून घेतलं. "बाई, नवा पंप पाहिजे. आजच्या आज."

"वरून हप्ताच आला नाही हो. आहे त्यात दवाखाना चालवू की पंप आणू?"

"मग आग काय फुंकर मारून विझवू?"

"माझ्यावर ओरडून पंप येत असेल तर ओरडा. मी बसते इथे." आणि बाई खरंच एक बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या.

 मग बाईंनी हळू विचारलं, "मुलगी वरच असते ना तुमची?"

"हो. नातही."

त्यानं पाना उचलला. माझा पंप सोडवायला त्याला फार वेळ लागला. एरवी तो इतका सावकाश काम करत नाही. या वेळी त्यानं थाप मारली नाही, नुसता हात ठेवला.

"हे उसनं नाही रे," म्हणाला.

चार दिवसांनी, भर दुपारी, टेकडीवर सुताराची वखार पेटली. माझ्या जुन्या शेडपासून ती एका वळणावर. पण दोस्ताला इथून, बाजारातल्या गाड्यांमधून वाट काढत अख्खा चढ चढायचा होता. तो पोचला तोवर वखार गेलेली. पण शेजारच्या घरांच्या ओळीकडे आग वळली, तेव्हा माझ्या पंपानं धार धरली. सोडली नाही.

जावई परतला तो काळाठिक्कर तोंडानं. "मामा, घर वाचलं. दोघी बऱ्या आहेत."

मिस्त्री मटकन पायरीवर बसला. "आणि सुतार?"

"रस्त्यात बसलाय. रंधासुद्धा राहिला नाही त्याचा. एकच म्हणतोय, बंब वर असता तर..."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं.  वर असायचा तो बंब मीच होतो ना.

मित्रांनो, बातम्यांत 'तूट' हा शब्द आला की मोठी माणसं चॅनेल बदलतात. तुम्ही विचारा, आपल्या गावातलं काय बंद होणार? आणि धार बुटांवर पडायच्या आधी विचारा. कालच्यासारखंच, बोट दाखवून.

काल तुम्ही गेल्यावर दोस्त म्हणाला, "यार, आता माझं काही गेलं तर?"

माझ्याकडे उरलंय काय? दारं, एक आरसा, सायरन. मी म्हणालो, "दोस्ता, उरलंय ते सगळं तुझं. आणि या दारात जो कुणी थांबेल, त्याला मी सांगणार, की याच्यामागे आता दुसरा बंब नाही. गप्प बसणार नाही मी. शब्द देतो."