पेटीतल्या अक्षता

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कौसल्या गवताची पेंडी घेऊन गाय शोधत निघाली. चातुर्मासात तिचा नेम होता, सकाळी उठल्यापासून गाईला घास देईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एरवी गाय कारखान्याच्या चाळीमागंच बांधलेली असायची, त्यामुळं चहाला आधण येईतो मौन सुटायचं. आज गुराख्यानं पहाटेच गुरं नदीकडं नेली, आणि कौसल्याचं बोलणंही त्यांच्याबरोबर चरायला गेलं.

वाट बंगल्यावरून होती. बावड्याजवळच्या त्या साखर कारखान्याच्या बंगल्यामागं पोहण्याचा हौद होता. मालकांची थोरली बहीण कुशाबाई संधिवातानं आखडलेल्या. कोमट पाण्यात पाय हलवत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून हौदात विजेचा हीटर बसवला होता, आणि भिंतीवर त्याला वीज सोडणारी लोखंडी पेटी. आजूबाजूच्या गावांत अजून कंदील जळत होते, त्यामुळं विस्तवाशिवाय तापणारं पाणी बघायला लोक मुद्दाम येत. ही सगळी व्यवस्था जयवंता वायरमनकडं, म्हणजे कौसल्याच्या नवऱ्याकडं होती.

आज जयवंता विजार गुडघ्यापर्यंत दुमडून हौदाच्या काठावर उभा होता. समोर मॅनेजरसाहेब, बाजूला रखवालदार गेणू, आणि खुर्चीत शाल पांघरलेल्या कुशाबाई.

"साहेब, पेटीवर हिरवा दिवा लागतूय, म्हंजे पेटी चांगली हाय. बाहीरच्या फ्यूजची तारबी नवी घातली. खोट हीटरमधीच. हौद रिकामा करून त्यो वर काढाय पायजे."

"आणि परत भरायचा कधी? दिवाळीला?" मॅनेजर तापले. "बाईंना रात्रभर झोप नाही. दुपारपर्यंत पाणी तापलं नाही, तर बारामतीहून दुसरा मिस्त्री येईल. मग तोच राहील इथं. तू आपला पणदऱ्याला जाऊन भावाच्या उसाला पाणी धर."

कौसल्या हौदाशी येऊन थांबली. चाळीतली खोली यंदाच मिळाली होती. दारात तिनं लावलेली तुळस आत्ता कुठं मंजिरीला आली होती.

तेवढ्यात तिचं लक्ष पेटीकडं गेलं. पेटी गुणगुणत होती. रोज नवऱ्याची भाकरी घेऊन ती इथं यायची तेव्हा जयवंतानं वीज सोडली की आधी 'खट' व्हायचं आणि मग सगळं गप्प. आज नुसतंच गुं गुं चाललं होतं, घास तोंडात धरून बोलणाऱ्या माणसासारखं.

घास! कौसल्या जागीच थिजली.

खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद होती, वीजही बंद. जयवंता मोठ्या पूजेला गेला होता आणि पेटीची पूजा त्यानं बायकोवर सोपवली होती. गेणू म्हणाला होता, "लावा वहिनी कुंकू वरनंच, अन् चला." त्यावर तीच म्हणाली होती, "भाऊजी, देवळाच्या दाराला कुंकू लावून माघारी येतंय का कुणी? उघडा ती." पेटी उघडल्यावर आतल्या तांब्याच्या पट्ट्या इतक्या लखलखीत दिसल्या, की तिनं हात जोडले आणि मूठभर अक्षता मन भरून आत टाकल्या.

जयवंता हौदाची मोरी उघडायला वाकला. कौसल्या धावली आणि त्याचा दंड धरून ओढायला लागली.

"अगं, आता काय?"

तिनं पेटीकडं बोट केलं. मग चिमूट करून हवेत अक्षता टाकल्या.

"लगीन?" गेणूचा चेहरा उजळला. "कुनाचं वो, वहिनी?"

तिनं नाही म्हणून जोरात मान हलवली आणि पुन्हा अक्षता टाकल्या, आता दोन्ही हातांनी.

"लई मोठं लगीन दिसतंय."

"गेणू, गप!" जयवंता रडकुंडीला आला. "हितं माजी नोकरी चाललीय, अन् हिला लग्नं सुचत्यात! बोल की तोंडानं!"

कौसल्याच्या ओठावर शब्द आला होता. एकच शब्द पुरला असता. तिनं हातातल्या गवताकडं पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि आता नेम मोडायचाच म्हणून डोळे मिटून देवाची क्षमा मागितली.

"थांब गं, मुली," खुर्चीतून आवाज आला. कुशाबाई पुढं झुकल्या होत्या. "हातात गवत आहे. मौन गाईच्या घासापर्यंत ना? माझ्याही सासरी असायचं. गेणू, पळ, गाय घेऊन ये! आणि तू नुसती मान हलव. लग्न नाही, मग पूजा?"

मान होकारानं हलली.

"अक्षता टाकल्यास? कुठं, पेटीवर?"

कौसल्यानं पेटीचं दार उघडल्यासारखं केलं आणि लाजून पदर तोंडावर ओढला.

"आत!" जयवंता ओरडला. त्यानं वीज बंद केली आणि पेटी उघडली. तळाशी कुंकवाचे तांदूळ पसरले होते, आणि एक दाणा नेमका दोन पट्ट्यांच्या मधोमध ऐटीत बसला होता. पट्ट्या मिटायला बघत होत्या, तो मिटू देत नव्हता, आणि त्या मिटल्याशिवाय वीज हीटरपर्यंत जात नव्हती. जयवंतानं सुक्या काडीनं तो उडवला, बाकीचे झाडून काढले आणि वीज सोडली.

खट!

गुणगुण थांबली. थोड्या वेळानं कुशाबाईंनी हीटरजवळच्या पाण्यात हात घातला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "तापतंय गं!"

"म्हणजे पेटी न उघडताच हौद रिकामा करायला निघाला होतास?" मॅनेजर जयवंताला म्हणाले.

"हिरव्या दिव्यावर भुललो, साहेब."

"बरं, बारामतीचा मिस्त्री राहू दे बारामतीतच."

इतक्यात गेणू धापा टाकत आला. एका हातात एक दावं, दुसऱ्या हातात दुसरं, मागं गुराखी शिव्या देत. "कंची गाय ते कुनी सांगितलंच न्हाय, म्हनून दोन आनल्या!"

कौसल्यानं आपल्या गाईला घास दिला आणि तिच्या कपाळाला हात लावला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"अवं," ती हळूच म्हणाली, "त्या अक्षता म्याच टाकल्या हुत्या."

"आगं, त्ये आता गाईलाबी कळलं!" जयवंताला हसू आवरेना.

"मग पुढच्या खंडेनवमीला काय करशील?" कुशाबाईंनी विचारलं.

कौसल्यानं विचार केला. "दार तर उगडायचंच, आत्याबाई. पन अक्षता दारावर टाकीन. आत नुस्ता नमस्कार."

"लांबून," मॅनेजर म्हणाले.

दुसऱ्या गाईला कुणी घास दिला नव्हता. तिनं रुसून हौदात तोंड घातलं, पाणी कोमट लागल्यावर दचकून मान वर केली, जयवंताकडं बघितलं आणि पुन्हा निवांत प्यायला लागली.