ठिपका चार नंबरात

भाऊजी शीतगृहात गायब होऊन पाऊण तास झाला होता आणि माझ्या हातातल्या टॅबवरचा ठिपका ठामपणे सांगत होता, चार नंबर. चार नंबरची खोली आम्ही पालथी घातली होती. भाऊजी तिथे नव्हते.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. सहाही खोल्यांचं तापमान तपासणं त्यांचं काम. इथे प्रत्येकाच्या जाकिटात एक बिल्ला असतो. त्याचा सिग्नल छतावरच्या वायफायच्या डब्यांपर्यंत किती जोरात पोचतो, त्यावरून माणूस कुठे आहे ते कळतं. कोणत्या जागी किती जोर, हा नकाशा मीच बनवलेला.

आत उणे वीस. आणि खोकी हलवून एक खोली शोधायची म्हणजे वीस मिनिटं.

"सगळी दारं उघडून हाका मारल्या, कुठूनच ओ नाही," मुकादम म्हणाला. मग एकदम ओरडला, "अहो, ठिपका हलला! पाचकडे निघाला. चालतायत ते, येतील आपणहून!"

मी मान वर केली. दोन हमाल नुकतेच बोळातून, खोल्यांच्या दारांसमोरून पुढे गेले होते. ते परतले, तसा ठिपकाही चारात परतला. माणसाचं अंगही सिग्नल अडवतं. भाऊजी चालत नव्हते, आम्ही चालत होतो.

"सगळे बाहेर! कोणी हलायचं नाही!"

मुकादमाला माझं ऐकायची सवय नाही, पण या वेळी तो निमूट उभा राहिला. ठिपका स्थिर झाला. चारातच.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नकाशा बनवला तेव्हा खोल्या रिकाम्या होत्या. आता छतापर्यंत गोठवलेला वाटाणा, सिग्नल अर्ध्यात मरणार. माल भरल्यावर सगळं पुन्हा मोजायला हवं होतं. कंटाळवाणं काम म्हणून मी आज-उद्या करत राहिले. स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

माझा बिल्ला घेऊन मी एकेका खोलीत धावले. एक नंबरात माझा ठिपका बरोबर एकात. दोनमध्ये गेले, तर तो बोळात. तीनमध्ये मागच्या रांगेजवळ गेले आणि तो चारात जाऊन बसला.

"तीन नंबर! मागची रांग काढा!"

कोसळलेल्या खोक्यांखाली भाऊजी सापडले. पापण्या पांढऱ्या, ओठ निळे. पण डोळे उघडे होते.

"हाक ऐकू आली नाही का हो?" मी ओरडलेच.

"आली की." त्यांचे दात वाजत होते. "छातीवर खोकी. ओरडायला दम लागतो. म्हटलं, तू जेवताना सांगितलं होतंस ना, दोन मीटरच्या आत माणूस सापडतो. येशीलच."

ते दोन मीटर रिकाम्या खोलीतले होते. फुशारकी मारताना तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"यापुढे ओरडायचं, भाऊजी," मी रडतच म्हणाले. "माझ्यावर विसंबून गप्प पडायचं नाही. घसा फुटेपर्यंत ओरडायचं."