पुस्तकाची पलीकडची बाजू

दरीतलं धुकं वर चढलं की गावातलं ओकचं झाड पाण्यात उभं असल्यासारखं दिसे. गावचे धर्मगुरू खूरी मिखाईल त्याच झाडाखाली शाळा भरवत. साऱ्या गावात स्तोत्रांचं पुस्तक एकच, तेही हातानं उतरवलेलं. ते मधोमध तिवईवर ठेवायचं आणि पोरांनी भोवती कोंडाळं करायचं. खूरींच्या बाजूला मुलगे, पलीकडे मुली. त्यामुळे गावातल्या मुली उलटं वाचत, तेही घडाघडा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दहा वर्षांच्या नजलाला तर अक्षरं वटवाघळांसारखी लटकूनच झोपतात असं वाटे.

त्या वसंतात खालच्या गावी मठातल्या सिस्टरांनी मुलींची शाळा काढली. राहून शिकायची. फुकटातली एकच जागा उरली होती, तीही नीट वाचून दाखवेल त्या मुलीला. ती हुकली, तर सोमवारपासून नजला आईबरोबर रेशमाच्या कारखान्यात, उकळत्या पाण्यातले कोश उलगडायला जाणार होती. आईची, हिलानेची, बोटं त्या पाण्यात शिजून पांढरी पडली होती. रविवारी डोंगर उतरताना वाटभर ती एकच म्हणत राहिली, की बाई गं, नीट वाच, घाई करू नको.

शाळेच्या प्रमुख मदर अवजीनींनी टेबलावर पुस्तक नजलासमोर ठेवलं. सरळ. अक्षरं ओळखीची वाटत होती, पण स्वप्नात भेटलेल्या माणसांसारखी, नाव काही आठवेना. तिनं हळूच पुस्तक फिरवलं. मदरनी ते परत सरळ केलं. तिनं पुन्हा फिरवलं, मदरनी पुन्हा सरळ केलं. मग त्या हिलानेला म्हणाल्या, की पोरीला अजून पुस्तक धरताही येत नाही, पुढच्या वर्षी बघू. हिलाने ओशाळून डोक्यावरचा रुमाल सारखा करत उठली.

नजलाही उठली, पण दाराकडे वळली नाही. टेबलाला वळसा घालून थेट मदरच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिथून वाचू लागली. आवाज आधी कापरा होता, मग ओढ्यासारखा मोकळा झाला. मदरनी मान वाकडी करून पाहिलं, पण त्यांनाच एकही ओळ लागेना. शेवटी त्या उठल्या आणि नजलाच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पाठ केलं असेल म्हणून त्यांनी पानं उलटून भलतीच ओळ दाखवली. नजलानं तीही वाचली.

"असं कुणी शिकवलं तुला?"

"आम्हा मुलींची बाजू हीच असते, मदर."

मदरनी भिंतीजवळच्या पुस्तकांच्या चळतीकडे बोट दाखवलं.

"इथं प्रत्येकीला वेगळं पुस्तक आहे. सरळ वाचायला शिकशील?"

"उलटं येतं, तर सुलटं का नाही येणार?"

"तोंड बरंच चालतं तुझं," मदर हसू दाबत म्हणाल्या. "उद्या अंथरूण घेऊन ये."

हिलाने एव्हाना टेबलाच्या तिसऱ्या बाजूला येऊन उभी होती. पांढरी बोटं तिनं मागे धरली होती, पुस्तकाला लागू नयेत म्हणून.

"इथून बघितलं तर कसं वाचतात हो?" तिनं विचारलं, आणि मग लाजली.

मदरनी आपली खुर्ची जराशी सरकवून शेजारी जागा केली. "बसा," त्या म्हणाल्या. "आज तुम्हाला सुट्टीच आहे ना."