मंगारिसवरची बाळंतीण

धनेशाची जोडी डोक्यावरून घिरट्या घालायला लागली आणि मला जेवण गोड लागेना. त्यांचं घरट्याचं झाड पुरात नदीनं नेलं होतं. एवढ्या मोठ्या पक्ष्याला अंडी घालायला म्हाताऱ्या झाडाची ढोली लागते, आणि आमच्या किनाबातांगान नदीच्या काठावर म्हातारी झाडं उरलीत किती? आम्ही बायका इतकी वर्षं रोपं लावतोय. दोन जंगलांच्या मधली पट्टी बऱ्यापैकी भरत आणलीय, पण आमची झाडं अजून मांडीएवढी. त्यांना ढोली पडेस्तोवर माझी पणतवंडं म्हातारी होतील.

म्हणून आम्ही जाड फळ्यांची पेटी केली, आत माती घातली, पुढे भोक ठेवलं. ती टांगायची होती मंगारिसच्या झाडावर. मधमाश्यांचं झाड म्हणून ते कुणी तोडलं नव्हतं. तेवढ्या उंच चढणारा गावात एकच, माझा जावई आसलिन. आणि नेमकी माझी जुरैनी तेव्हा सात महिन्यांची पोटुशी.

आमच्याकडे पोटुशीच्या नवऱ्यानं खिळा ठोकायचा नाही, गाठ मारायची नाही, भोक बुजवायचं नाही. बाळाची वाट अडते म्हणतात. विहीणबाई दायांग यांचा लेकावर कडक पहारा होता. त्याला होडीसुद्धा बांधू देईनात. एकदा होडी वाहत पार वळणापर्यंत गेली आणि आसलिन पोहत तिच्यामागे. मी म्हटलं, पेटी पाखरांसाठी आहे, पुण्याचं काम आहे.

"पुण्य तुमचं, नातवंड माझं," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांचं नि माझं तसं सख्य आहे, म्हणजे रोज भांडण होतं. आमच्या पट्टीच्या ऐन मधोमध, मंगारिसला लागूनच, त्यांचा रानाचा तुकडा आहे आणि त्यात एक जुनं रानउंबर. ते सगळं साफ करून तिथं तेलासाठी पाम लावायचं त्यांनी ठरवलं होतं, करवतवालाही सांगून ठेवला होता. पट्टी तिथं तुटली की आमचं सगळं लावलेलं अर्धवट राहणार. मी त्यावरून इतकं डोकं खाल्लं होतं की माझा आवाज ऐकला की त्या पंखा मोठा करायच्या.

शेवटी मीच चढले. वय विचारू नका, वजन तर नकोच. कमरेला पट्टा, खाली दोर ओढायला आमच्या बायका, आणि आसलिन बिचारा हात मागे घेऊन ओरडतोय, "आई, गाठ अशी नाही, उलटी." वर पोचल्यावर एकदाच मान वळवली. आमची पट्टी खालून मला जंगल वाटायची. वरून दिसली नेसत्या सारोंगच्या काठाएवढी, आणि तिच्यापलीकडे नजर जाईल तिथवर पामच पाम. मला रडू आलं. मग खिळे ठोकले, जरा जास्तच जोरात.

काही दिवसांनी मादी पेटीत शिरली. माती नि घाण थापून तिनं आतून भोक लिंपून टाकलं. नर उंबरं आणून तिला भरवायला लागला. मी गावभर मिरवले.

मग जुरैनीच्या कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या नर्सबाई सकाळी होडीतून येऊन बसल्या, दुपार उलटली तरी सुटका होईना. नर्सबाई म्हणत होत्या, पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. पण विहीणबाईंनी घरातलं बंद ते सगळं उघडायला लावलं. खिडक्या, पेट्या, तांदळाचा डबा, कोंबड्यांचं खुराडं. माझ्या केसांची गाठ त्यांनी स्वतः सोडली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आता एकच राहिलंय."

मला कळलं. मंगारिसवरचं भोक. पेटी मी टांगली होती आणि आजी मी होणार होते. ते लिंपण फोडलं तर मादी अंडी टाकून निघून जाणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. आत माझी पोर कण्हत होती. मी असल्या गोष्टी मानते की नाही, हे तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या दुपारी मी मानलं. खुंटीवरचा चढायचा पट्टा काढला.

"आई, तो पट्टा ठेव," जुरैनी आतून म्हणाली. घरात उघडं नव्हतं असं काही उरलंच नव्हतं, तिला सगळं दिसत नि ऐकू जात होतं. "ते भोक बंद नाही. फट ठेवते ती. नवरा त्यातनंच भरवतो तिला." मग एक कळ गेली. "आणि माझा नवरा कुठाय? मला सकाळपासून कुणी खायला दिलेलं नाही."

आसलिन खिडकीखाली उभाच होता. त्यानं केळं सोललं आणि खिडकीतून हात आत घातला. जुरैनीनं ते तिथंच त्याच्या हातून खाल्लं, मग दुसरं मागितलं. नर्सबाईंना हसू आवरेना. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या बराच वेळ लेकाच्या हाताकडे बघत राहिल्या, मग माझ्या हातातला पट्टा घेऊन खुंटीला लावून आल्या. संध्याकाळी मगरिबच्या बांगेच्या आधी नात झाली. काळी, रागीट, माझ्यावर गेलेली.

बाळंतिणीला घराबाहेर पडायचं नाही, म्हणून विहीणबाई रोज आल्याचा रस्सा घेऊन येत आणि माझ्या ओसरीवर बसून राहत. समोर नर उडत जाई तो थेट त्यांच्या रानात, उंबरावर. "माझ्याच रानातलं नेतोय मेला," त्या म्हणायच्या. एखाद्या दिवशी त्याला उशीर झाला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

त्याच सुमारास करवतवाल्याची होडी धक्क्याला लागली. मी ओसरीवरून उठेपर्यंत विहीणबाई पायऱ्या उतरून त्याच्यापुढे उभ्या.

"परत जा," त्या म्हणाल्या. "तिथं बाळंतीण आहे. करवतीचा आवाज चालायचा नाही."

"रानात? कुणाकडची?"

"आमच्याकडची."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी नदीकडे बघितलं. मग कधी येऊ, असं त्यानं विचारलं. पिल्लू बाहेर पडल्यावर बघू, विहीणबाई म्हणाल्या आणि रस्सा गार होतोय म्हणून आत गेल्या.

धनेशाची जोडी सोयीची ढोली मिळाली की दर वर्षी तिथंच येते. विहीणबाईंचा जन्म या नदीवर गेलाय, त्यांना हे माहीत असणारच.