काकूंच्या गालाची निवड

सुज्ञ वाचकहो, एक गाल आणि तो विश्वासाने कोणाच्या स्वाधीन करावा हा पेच, यांची हकिगत येथे यथामती निवेदन करीत आहे.

शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या डाव्या गालावर वांग उठले होते. माप घेताना त्या गिऱ्हाइकाकडे उजवा गालच ठेवीत. त्यामुळे फीत तिरकी धरली जाई आणि एक बाही आखूड होई. चेहरा तर गेलाच, आता हातचे कसबही जाते की काय, या चिंतेने त्यांचा जीव टांगणीला लागला.

रस्त्यावर दोन ब्यूटी पार्लर समोरासमोर होती. एकाच्या चालिकेची कांती आरशासारखी नितळ, तर दुसरीच्या गालांवर मुरुमांचे जुने खड्डे. काकूंनी अर्थातच नितळ कांतीची निवड केली. त्यांचे यजमान काकूंच्याच शिवणाच्या दुकानात बटणांसाठी काजे करीत. सुईवरची नजर न काढता ते म्हणाले, "अगं, माझ्या सदऱ्याला कधी सगळी बटणं असतात का? म्हणून मी शिंपी नाही?"

नवऱ्याचे बोलणे काकूंनी नेहमीप्रमाणे कानामागे टाकले.

नितळ बाईंनी त्यांना खुर्चीत निजवले आणि वाटीत पांढरा लेप कालवला. काकूंना उग्र दर्प आला. नवे कापड हाती आले की काकू आधी कोपरा भिजवून पाहत. रंग सुटला तर कोपऱ्यावरच निभावते. त्यांनी विचारले, "कापडाचा कोपरा बघतात तसं आधी कानामागे थोडं लावून बघता का?"

"काकू, कोपरे बघत बसले तर दिवसाला दोन चेहरेही व्हायचे नाहीत," बाई हसल्या.

काकू टॉवेल बाजूला ठेवून उठल्या.

समोरच्या खड्डेवाल्या बाईंनी लेपाचे नावही काढले नाही. कोणते मलम लावता, गोळ्या कसल्या चालू आहेत, हे विचारले. काकूंनी धीर करून शिक्षणाची चौकशी केली, तेव्हा न रागावता भिंतीवरचे प्रमाणपत्र दाखवले. त्वचेच्या डॉक्टरांना गाल दाखवून यायला सांगितले. काकू दाखवून आल्यावर कानामागे थेंबभर औषध लावून बाई म्हणाल्या, "परवा या. वांग पुसून टाकीन असं सांगत नाही, फिकं होईल."

परवापर्यंत कानामागे गुंजेएवढा लाल ठिपका उठला. काकूंना भलताच आनंद झाला. तो ठिपका गालभर झाला असता! बाईंनी औषध बदलले, पुन्हा कोपरा पाहिला, आणि मगच गालाला हात लावला.

वांग हळूहळू फिकट झाले, सगळे गेले नाही. पण काकू आता गिऱ्हाइकासमोर सरळ उभ्या राहतात आणि बाह्या सारख्या उतरतात. पहिली सरळ बाही उतरली त्या संध्याकाळी त्यांनी यजमानांचा सदरा मागून घेतला आणि राहिलेली बटणे लावून टाकली.

हे चार शब्द गोड मानून वाचल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
शेजारचा घड्याळवाला बापू